खेळाडूचे कामाचे आयुष्य



कामगार संघटनेच्या माणसाने खेळावर बोलावे, याचे पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चिटणीस प्रथम आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात ऊसतोडणीच्या दराचा विषय होता. तो आम्ही या जिल्ह्यात इतक्या वेळा इतक्या चौकांत मांडला आहे की, वसंत ऋतूतील एक संध्याकाळ त्यातून मोकळी सोडावी असे वाटले. तरी खरे सांगावयाचे तर विषय बदलला आहे, धंदा बदललेला नाही. आम्ही आज बोलणार आहोत ते कामाबद्दलच.

त्याला निमित्त झाले ते असे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास कचेरीत एक तरुण आला. उंचापुरा, रुंद खांद्यांचा. पण जिना चढताना उजवा पाय मागे राहत होता. वय सव्वीस. एका कारखान्याने त्याला कबड्डीच्या संघासाठी म्हणून कामावर घेतले होते. हजेरीपटावर नाव 'हंगामी कामगार', प्रत्यक्ष काम मैदानावर. तीन हंगाम त्याने चढाया केल्या. चौथ्या हंगामात एका पकडीत गुडघा फिरला, आणि पाचव्या हंगामाला बोलावणेच आले नाही. त्याच्यापाशी सात चषक होते, प्रमाणपत्रांची एक जाड फाईल होती, आणि अनुभवाचा दाखला मात्र एकही नव्हता. "नाना, हमालीत नंबर लागंल का?" असे त्याने विचारले. आम्ही त्याच्या गुडघ्याकडे पाहिले. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून मालमोटारीत चढणे ज्याच्या गुडघ्याला झेपणार नाही, त्याला काय सांगावे?

त्या रात्रीपासून आम्ही एक हिशेब मांडीत आलो आहोत. खेळ हा धंदा धरला, तर त्यात माणसाला कामाचे आयुष्य किती मिळते? आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि वकिलांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर झाले. तेव्हा हिशेबात कोठे चूक दिसली तर ती दाखवावी, आम्ही दुरुस्त करू.

आपल्याला वाटते की खेळाडू पंधरा-वीस वर्षे खेळतो. असे वाटण्याचे कारण उघड आहे. केशकर्तनालयाच्या भिंतीवर ज्यांची छायाचित्रे असतात ते तेवढी वर्षे खेळलेले असतात. सुनील गावसकर १९७१ ते १९८७ अशी सोळा वर्षे कसोटी खेळले. १२५ सामने, १०,१२२ धावा. दिलीप वेंगसरकर १९७६ पासून १९९२ पर्यंत खेळले, सामने ११६. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी, १९८९ साली मैदानावर उतरले ते २०१३ साली वयाच्या चाळिशीत उतरले. २०० कसोट्या, १५,९२१ धावा. एका पिढीने त्यांच्याबरोबर शाळा संपविली, लग्ने केली, मुलांची नावे ठेवली, आणि तरी ते खेळतच होते. नजरेसमोर जो इतकी वर्षे राहतो तोच नजरेला नमुना वाटू लागतो.

पण जे नजरेसमोरून गेले त्यांची मोजदाद कोण करतो? भारताने पहिली कसोटी १९३२ साली लॉर्ड्‌सवर खेळली. तेव्हापासून २०२५ पर्यंत भारताकडून कसोटी खेळलेल्यांची संख्या तीनशेहून थोडी अधिक भरते. त्यांत शंभर सामन्यांचा टप्पा गाठणारे फक्त १४. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतले तीन, ज्यांची नावे आताच घेतली. दहा हजार धावा करणारे तर अवघे तिघे: गावसकर, तेंडुलकर आणि राहुल द्रविड. आणि लक्षात घ्या, हे तीनशे म्हणजे काही रस्त्यावरून उचललेली माणसे नव्हेत. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा चाळण्यांतून उतरून देशाच्या संघापर्यंत पोहोचलेली ही माणसे. गिरणीतल्या शेवटच्या चाळणीवर राहिलेल्या दाण्यांतही वीसांत एकाहून कमी टिकले, असा त्याचा अर्थ.

या प्रश्नाचा काटेकोर हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तेथे बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा तो लांबचा चुलतभाऊ समजावा: चेंडू फेकणारा एक, दांडक्याने मारणारा एक, आणि धावा काढावयाच्या त्या चार तळांना वळसा घालून. हा खेळ तेथे शंभराहून अधिक वर्षे पगारी धंदा आहे आणि प्रत्येक खेळाडूची नोंद ठेवलेली आहे. समाजशास्त्राच्या काही अभ्यासकांनी या नोंदी तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९०२ ते १९९३ या काळात सर्वोच्च पातळीवर खेळू लागलेल्या, चेंडूफेके सोडून उरलेल्या ५,९८९ खेळाडूंची त्यांनी गणती केली. सरासरी कारकीर्द निघाली ५.६ वर्षांची. पाचांतला एक जण पहिल्याच वर्षानंतर घरी गेला. निम्म्याहून कमी पाचव्या वर्षापर्यंत पोहोचले. वीस वर्षे वा अधिक खेळले ते शंभरांत एक.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. खेळाडू कोणत्याही वर्षात असो, तिसऱ्या असो वा आठव्या, ते वर्ष संपताना बाहेर पडण्याची शक्यता शेकडा ११ पेक्षा कधीच खाली येत नाही. म्हणजे या धंद्यात 'कायम' होणे नाही. आता कागद-पेन्सिल घ्या. शंभर खेळाडू आहेत आणि दरवर्षी कमीत कमी अकरा टक्के गळतात असे धरा. दहा वर्षांनी उरतील एकतीस, वीस वर्षांनी दहा. पण प्रत्यक्षात पहिल्या वर्षीची गळती वीस टक्के आहे आणि तिशीनंतर ती पुन्हा चढते, म्हणून त्या दहांचाही एकच उरतो. आमच्या हमाल बांधवांना हे गणित समजावताना आम्ही गळक्या पोत्याचा दाखला देतो. भोक लहान असले तरी चालते; रस्ता लांब असला म्हणजे पोते रिकामेच पोहोचते.

ही गळती का होते, याचे उत्तर लोक एका शब्दात देतात: 'चालला नाही.' कामगार कपातीच्या नोटिशीत 'आवश्यकता उरली नाही' असे लिहिलेले असते, तसलाच हा शब्द. तो कारण सांगत नाही, कारण झाकतो.

पहिले कारण, जागा अकराच. त्यांतही डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा एक. ती बिशनसिंग बेदी यांनी अडविली होती, आणि ती त्यांची हक्काचीच होती. त्यामुळे मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले तरी त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. हा माणूस वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८७-८८ च्या हंगामात, मुंबईने हाक दिली म्हणून पुन्हा चेंडू टाकावयास उभा राहिला. २०२५ साली ते वारले. भाऊसाहेब निंबाळकरांचे तसेच. १९४८ साली पुण्यात काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. त्यांनाही कसोटीची टोपी मिळाली नाही. 'चालला नाही' हा शब्द या दोघांना लावून पाहा बरे!

दुसरे कारण शरीर. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावरून कमरेत जातो, आणि हे दिवसातून शंभर-दीडशे वेळा. मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडते ती अशी. ऊसतोड कामगाराची कंबर वाकून वाकून जाते, याची जाते आपटून. तेंडुलकरांचाही कोपर २००४ साली दुखावला आणि पुढल्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर ते आणखी आठ वर्षे खेळले. परंतु त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली गेली होती. ज्याच्या नावावर दोनच सामने आहेत त्याच्या कोपरासाठी कोण थांबतो?

तिसरे कारण असे की धंद्याची पद्धतच बदलली. २००८ साली आयपीएल सुरू झाले आणि वीस षटकांच्या खेळात पैसा आला. आला ते चांगलेच झाले. मजुराला दोन पैसे अधिक मिळाले म्हणून आम्ही कधी रडलेलो नाही. मात्र तेथे पीक एका हंगामाचे. २०११ साली मुंबईच्या पॉल वल्थाटी यांनी चेन्नईविरुद्ध नाबाद १२० धावा केल्या, त्या हंगामात एकूण ४६३. सारा देश त्यांचे नाव घेत होता. मग मनगट दुखावले, पुढले हंगाम रिकामे गेले, आणि ते नाव पुन्हा त्या उंचीवर आले नाही.

विनोद कांबळी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १७ कसोट्या, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या दोन सामन्यांत दोन द्विशतके, आणि शेवटची कसोटी १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एकदिवसीय सामने ते २००० पर्यंत खेळले. त्यांच्या स्वभावावर चौकाचौकांत प्रवचने झाली आहेत, त्यांत आम्ही भर घालणार नाही. तेविसाव्या वर्षी ज्याचा मुख्य धंदा संपतो, त्याच्यापुढे साठ वर्षांपर्यंतची सदतीस वर्षे उभी असतात, एवढेच आम्ही मोजतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. संजय बांगर यांचा जन्म बीडचा, ११ ऑक्टोबर १९७२ चा; म्हणजे आमच्याच पिढीचे. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध नाबाद शंभर धावा. पण जाणते लोक त्यांचे नाव काढतात ते ऑगस्ट २००२ मधल्या लीड्‌सच्या कसोटीसाठी. आकाश ढगाळलेले, खेळपट्टी ओलसर, आणि भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतलेली. सेहवाग लवकर बाद झाले. बांगर दोनशेहून अधिक चेंडू खेळत उभे राहिले, धावा केल्या ६८, आणि द्रविड यांच्याबरोबर १७० ची भागी केली. ढग निघून गेल्यावर द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांची शतके झाली. भारताने तो सामना एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. शतकांची छायाचित्रे छापून आली. पण घराचा पाया कोणी घातला हे गवंड्याला विचारावे, छायाचित्रकाराला नव्हे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या दौऱ्यात ते शेवटची कसोटी खेळले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जेमतेम एक वर्ष, सामने बारा. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात ते होते, पण एकाही सामन्यात उतरले नाहीत. वर सांगितलेल्या अमेरिकन गणतीत त्यांची जागा पहिल्याच चाळणीत गळालेल्यांजवळ लागली असती.

परंतु हीच गोष्ट दुसऱ्या वहीत पाहा. बांगर रेल्वेच्या संघाकडून खेळत. १९९३ पासून जानेवारी २०१३ पर्यंत वीस हंगाम! प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि तीनशेच्या घरात बळी. रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ असे दोनदा रणजी करंडक जिंकले, त्या दोन्ही संघांत ते होते. पुढे २०१४ ते २०१९ ते भारतीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक राहिले. मग हा खेळाडू 'टिकला नाही' म्हणावयाचा की 'टिकला'? देशाच्या वहीत एक वर्ष, रेल्वेच्या वहीत वीस. दोन वह्यांतला फरक गुणवत्तेचा नाही, बैठकीचा आहे. ज्या संघाच्या पाठीशी पगारपत्रक असते तेथे एका वाईट हंगामाने चूल विझत नाही, आणि चूल विझत नाही म्हणून दुसरा हंगाम खेळता येतो.

आमचा हा समज जुन्या काळाने पक्का केला. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५. पहिली कसोटी खेळले तेव्हा वय छत्तीस, आणि रणजी सामना ते एकसष्टाव्या वर्षीही खेळले. त्यांची प्रकृती लोखंडाची होती हे मान्य. पण 'कर्नल' ही पदवी होळकरांच्या फौजेतली होती हे विसरू नये. विजय हजाऱ्यांनाही संस्थानिकांचा आश्रय होता. संस्थाने गेली आणि त्यांची जागा कंपन्यांनी व बँकांनी घेतली. गावसकर निरलॉनमध्ये होते, वेंगसरकर टाटांकडे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकले, १९७४ साली इंग्लंडमध्ये हार झाली, आणि ३७ कसोट्यांवर त्यांचा खेळ थांबला. ते बँकेत परत गेले आणि तेथे अधिकारपदाला चढले. कर्णधारपद गेले तरी टेबल होते! आश्रय दरबारचा असो की बँकेचा, त्याचे गुणदोष असतात. तो मालकाच्या मर्जीवर चालतो. आम्ही त्याची आरती करीत नाही. त्याच्यावाचून काय होते ते आम्ही जिना चढताना पाहिले आहे.

आपल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनाही हेच लागू आहे. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचेनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केल्यानंतर, वयाची विशी उलटल्यावर ते धावावयास लागले. २०१८ साली त्यांनी ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतला ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्य, २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. कबड्डीच्या त्या तरुणाचाही गुडघाच गेला होता. फरक इतकाच की, साबळ्यांच्या मागे पलटण उभी होती आणि त्याच्या मागे हजेरीपटावरचा एक कोरा रकाना.

मग यावर संघटना काय करते, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळाडूंनी १९६६ साली आपल्या संघटनेसाठी एक माणूस नेमला, मार्विन मिलर. तो खेळाडू नव्हता, पोलाद कामगारांच्या संघटनेतला अर्थतज्ज्ञ होता. दोन वर्षांत त्याने मालकांशी पहिला सामुदायिक करार केला आणि किमान वार्षिक वेतन सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर नेले. तोवर एकदा सही केली की खेळाडू जन्मभर त्या मालकाचा बांधील असे. ती बेडी १९७५ साली लवादाच्या निकालाने तुटली. आमच्या मते याहून शहाणपणाची गोष्ट पुढली. १९८० पासून तेथे सर्वोच्च पातळीवर ४३ दिवसांची सेवा झाली की खेळाडूचा निवृत्तिवेतनावर काही हक्क निर्माण होतो. त्रेचाळीस दिवस! धंद्याचे आयुष्य आखूड आहे हे ओळखून नियमही आखूड कापला.

आपल्याकडे निवृत्त क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली उभी राहिली, तीही लोढा समितीच्या शिफारशीवरून. तिचे सभासद निवृत्त खेळाडूच. जे आज मैदानावर आहेत त्यांना त्यात जागा नाही. काम सुटल्यावर सभासद करून घेणारी संघटना आम्ही तरी दुसरी पाहिलेली नाही. नियामक मंडळ निवृत्तिवेतन देते. २०२२ साली १५,००० मिळणाऱ्यांचे ३०,००० झाले, ३७,५०० मिळणाऱ्यांचे ६०,०००. हे झाले क्रिकेटचे. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती खेळून ज्यांचे गुडघे आणि मान गेली त्यांच्या बाबतीत हा रकाना बहुतेक रिकामाच आहे.

येथे कोणी ऊसतोड कामगार बसला असेल तर तो मनात हसत असेल. त्याची कारकीर्द लांबच असते. पंधरा-सोळाव्या वर्षी कोयता हातात येतो, आणि उचल फिटत नाही म्हणून पन्नाशीपर्यंत सुटत नाही. तीस हंगाम सहज होतात. कोणी नोंद ठेवीत नाही. एकाला वीस हंगाम हवे असतात आणि दोन मिळतात. दुसऱ्याला दोन पुरे झालेले असतात आणि तीस करावे लागतात. दोघांची मोजणी एकाच वहीत करण्याची आमची फार दिवसांची इच्छा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बीडच्या सचिन धस यांनी एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपान्त्य सामन्यात ९६ धावा केल्या. ३२ धावांत ४ बाद झालेले असताना! त्या रात्री या शहरात फटाके वाजले आणि आम्हीही रस्त्यावर होतो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत मुलांची शाळा सोडवून त्यांना पूर्ण वेळ मैदानावर घालण्याच्या गोष्टी निघाल्या. त्या पालकांना आम्ही उन्मुक्त चंद यांचे नाव सांगितले. २०१२ साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून त्यांनी कर्णधार म्हणून चषक आणला. भारताच्या मोठ्या संघात ते एकदाही खेळले नाहीत, आणि २०२१ साली येथला खेळ सोडून अमेरिकेस गेले. एका गृहस्थांनी आम्हांस अपशकुनी म्हटले. त्यांचा मुलगा अद्याप शाळेत आहे, एवढे आम्हांस पुरे आहे. धस यांना मात्र आमच्या गणितातला तो शंभरांतला एक होण्याचे भाग्य लाभो, ही आमची मनापासून इच्छा.

कबड्डीच्या त्या तरुणाला आम्ही आडत बाजारात एका काट्यावर वजने लिहिण्याचे काम मिळवून दिले. त्याच्या तीन हंगामांचा सेवेचा दाखला मिळावा म्हणून त्या कारखान्याला चार पत्रे गेली, चौथे रजिस्टरने. उत्तर आले ते एका ओळीचे: सदर इसम खेळाडू होता, कामगार नव्हता. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे, कारण कामगार न्यायालयात त्याच कारखान्याच्या सहीची तीन हंगामांची हजेरीपत्रके आम्ही दाखल केली आहेत, आणि त्यांवर त्याच्या नावापुढे 'कामगार' असेच लिहिलेले आहे. पुढली तारीख जूनमधली आहे.